उभ्या माणसाच्या शिरा



या स्मृतिव्याख्यानाचा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य शाळेने मला दिले, याबद्दल प्रथम आभार मानतो. वक्ता मराठीचा निवृत्त प्राध्यापक आहे म्हटल्यावर संतवाङ्मय, नाहीतर इंदूरच्या मराठी परंपरेचा आढावा ऐकायला मिळणार, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्यसंमेलने या शहराने भरविली. त्यांविषयी अधिकाराने बोलू शकतील अशी माणसे या सभागृहातच आहेत. मी मात्र पायांच्या फुगलेल्या शिरांवर आणि त्यांवरील सुईच्या उपचारावर बोलणार आहे. निमंत्रणपत्रिका पाहून एका माजी विद्यार्थ्याने मला दूरध्वनी केला आणि छापखान्याचा काही घोटाळा तर नाही ना, अशी पृच्छा केली. छापखान्याचा घोटाळा नाही.

मी वैद्य नाही. पण हा विकार मला दोन वाटांनी भेटला. एक माझ्या स्वतःच्या डाव्या पायाची आणि दुसरी शब्दांची. शब्दांच्या वाटेने आधी जाऊ.

मराठी बोलीत 'शीर' या शब्दाला फार राबविले जाते. वक्ता शिरा ताणून बोलतो, रागावलेल्या माणसाच्या कपाळाची शीर उठते, मानेची शीर आखडते, रात्री झोपेत शिरेवर शीर चढते आणि माणूस पोटरी धरून उठून बसतो. बखरीतले स्वार घोड्यांच्या धोंडशिरा तोडतात. या सर्व ठिकाणी शीर एकच नाही. कपाळावर उठते ती रक्तवाहिनी, मानेत आखडतो तो स्नायू, पोटरीत येतो तो स्नायूचाच गोळा आणि धोंडशीर म्हणजे कंडरा. कमरेत 'शीर दबली' असे आपण म्हणतो तेव्हा तो बिचारा मज्जातंतू असतो. चार वेगळ्या वस्तूंना आपण एकच नाव दिले आहे. इंदुरात हिंदीच्या शेजारामुळे 'नस' हा शब्द अधिक चालतो, पण त्याने गोंधळ कमी झालेला नाही. हिंदीतही नस फुगते, नस दबते आणि नसेवर नस चढते.

हा केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय आहे असे कोणी समजू नये. संध्याकाळ झाली की माझा डावा पाय जड होई, पोटरीत ठणका लागे आणि घोट्याच्या वर खाज सुटे. पायाची नस दुखते असे मी शहरातल्या एका दवाखान्यात सांगितले. परिणामी माझ्या कमरेचे एमआरआय झाले. कमरेत वयोमानाप्रमाणे जे निघायचे ते निघाले, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाय होता तसाच राहिला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या, असे मला तेथे कोणी म्हटले नाही. शब्दाने सर्वांना कमरेकडे नेले.

शास्त्रीय मराठीत याची सोय फार सुंदर केलेली आहे. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणणारी ती नीला. एक तांबडी, दुसरी निळी. नावातच रंग आहे. फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शिरांसाठी परिभाषेत 'अपस्फीत नीला' असा शब्द आहे. तो अचूक आहे, पण आपल्या घरातली कोणी आजी सुनेला 'माझी नीला अपस्फीत झाली ग' असे सांगेल, हे मला संभवत नाही. 'फुगलेली नीला' एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. त्वचेलगत दिसणाऱ्या बारीक निळ्या-जांभळ्या तंतूंना इंग्रजीने कोळ्याची उपमा दिली आहे. आपल्या बायका त्यांना सरळ 'शिरांची जाळी' म्हणतात आणि ते मला अधिक चित्रदर्शी वाटते.

आता ही नीला फुगते का, ते पाहू. रक्ताला पावलांपासून हृदयापर्यंत उलटे चढायचे असते, तेही पृथ्वीच्या ओढीविरुद्ध. वाटेत ठिकठिकाणी पातळ पाकळ्यांच्या झडपा असतात. त्या रक्ताला वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. इटलीतील पादुआ येथील फाब्रिसियस याने १६०३ मध्ये या झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच विद्यापीठात शिकलेल्या विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना याच झडपांचा दाखला दिला. रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आकुंचन पावतात आणि खोलवरच्या नीला पिळल्या जातात. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळ नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे नव्वद मिलिमीटरइतका असतो. तोच माणूस चालू लागला की दाब तिसापर्यंत किंवा त्याखाली उतरतो. म्हणजे पायांना त्रास चालण्याचा नसून थांबण्याचा आहे. झडपा एकदा सैल झाल्या की रक्त मागे ओघळते, खालच्या नीलेवर भार येतो, ती ताणते, तिच्याही झडपा निकामी होतात. हे वरून खाली किंवा खालून वर चालूच राहते. आनुवंशिकता, गर्भारपण, वय आणि वजन हीदेखील कारणे आहेत. उभे राहण्याने सर्वांना हा विकार होतो असे नाही, पण ज्याला व्हायचा असतो त्याचा तो वाढवतो.

येथे मला सरांविषयी बोलायचे आहे. त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती मी घेतली आहे.

सर वर्गात कधी बसले नाहीत. १९६० च्या दशकातल्या आमच्या वर्गांत खुर्ची होती, पण तिच्यावर हजेरीपट आणि सरांची टोपी बसे. पाच-सहा तास ते फळ्याजवळ एका जागी उभे राहून शिकवीत आणि शिक्षकाने बसून शिकविणे त्यांना अध्यापनाचा अवमान वाटे. त्यांच्या धोतराखाली डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला कायम एक पट्टी असे. ती भिजली की तिच्यावर दुसरी येई. आम्हा मुलांमध्ये त्या पट्टीविषयी नाना तर्क चालत. कोणी जुनी लढाऊ जखम म्हणे, कोणी नारू. त्या काळी माळव्यात पायाच्या जखमेला नारू हे कारण सहज सुचे. भारत नारूमुक्त जाहीर झाला तो २००० मध्ये. सरांना नारू नव्हता. ती फुगलेल्या नीलांमुळे झालेली जखम होती, हे त्यांच्या चिरंजीवांनी मला अलीकडे सांगितले. घोट्याच्या वर त्वचा आधी काळवंडते, मग कडक होते आणि एखाद्या किरकोळ खरचटण्याने फुटते. फुटली की रक्ताचा दाब तिला भरू देत नाही. सरांची जखम सुमारे वीस वर्षे उघडी-मिटी होत राहिली. हळद झाली, मलमे झाली, मधुमेहाची तपासणी झाली. मूळ नीलेत आहे, हे कोणी म्हटले असेलही. पण तेव्हा उपाय म्हणजे जांघेपासून नीला ओढून काढण्याची शस्त्रक्रिया, भूल आणि दीर्घ रजा. सरांनी रजा घेतली नाही. त्यांच्या या निष्ठेचे आपण दरवर्षी गुणगान करतो. त्या निष्ठेचे मोल त्यांनी पायाने दिले, हेही या व्यासपीठावरून एकदा बोलले जावे असे मला वाटले.

शस्त्रक्रियेचे भय जुने आहे. रोमचा सेनापती मारिउस याची कथा प्लुटार्कने सांगितली आहे. त्याच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. बांधून न घेता त्याने एक पाय शस्त्रवैद्यापुढे केला, हूं की चूं न करता कापून घेतला, आणि दुसरा पाय देण्यास मात्र नकार दिला. बरे होणे या वेदनेच्या लायकीचे नाही, असा त्याचा अभिप्राय होता.

आपल्याकडे सुश्रुताने शारीरस्थानात सातशे शिरा सांगून त्यांपैकी अठ्ठ्याण्णव शिरांना शस्त्र लावू नये असे बजावले आहे. त्यापुढच्याच अध्यायात शिराव्यधाचा विधी आहे. निदानस्थानात सिराज ग्रंथीचे वर्णन येते. दुर्बळ माणसाने अतिश्रम केले असता ती उद्भवते, असे तो म्हणतो. तुंबडी आणि जळवा या आपल्या आज्यांच्या काळापर्यंत चालत आलेल्या उपायांचे मूळही तेथेच सापडते. परंतु आज ज्या सुईच्या उपचाराविषयी मी बोलतो आहे, तो सुश्रुतात आहे असे कोणी मला म्हणायला लावू नये. सुश्रुत शिरेतून रक्त काढतो. आजचा वैद्य शिरेत औषध घालून तिला कायमची बंद करतो. दोन्ही कल्पना एकमेकींच्या उलट आहेत आणि सुश्रुताचे मोठेपण अशा उसन्या श्रेयावर अवलंबून नाही.

शिरेत औषध घालायचे तर आधी पिचकारी हवी. ती १८५३ मध्ये फ्रान्समधील लियाँच्या प्रावाझ याने केली आणि त्यानंतर लगेच फुगलेल्या नीलांत निरनिराळी द्रव्ये टोचण्याचे प्रयोग सुरू झाले. लोहाचे क्षार झाले, आयोडिन झाले. त्यांत रोग्यांचे हालही पुष्कळ झाले. बरी औषधे विसाव्या शतकात आली. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे १९४६ पासून वापरात आले. पोलिडोकॅनॉल मुळात भाग बधिर करण्यासाठी शोधले गेले आणि मग त्याचा नीला मिटविण्याचा गुण हाती लागला. डब्लिनचे फेगन यांनी १९६० च्या दशकात टोचल्यानंतर पाय घट्ट बांधून रोग्याला लगेच चालायला लावण्याची पद्धत रूढ केली. पुढची युक्ती फेसाची. नुसते द्रव मोठ्या नीलेत रक्ताबरोबर पातळ होऊन वाहून जाते. त्याचा फेस केला तर तो रक्ताला बाजूला सारून भिंतीला चिकटून राहतो. स्पेनच्या काब्रेरा यांनी १९९० च्या दशकात या फेसाला प्रतिष्ठा दिली. २००० मध्ये इटलीच्या तेस्सारी यांनी तो करण्याची इतकी सोपी रीत सांगितली की ती कोणत्याही दवाखान्यात करता यावी. दोन पिचकाऱ्या एका छोट्या तोटीने जोडायच्या, एकीत एक भाग औषध, दुसरीत चार भाग हवा, आणि वीसेक वेळा इकडून तिकडे ढकलायचे. ताक घुसळल्यासारखा पांढराशुभ्र फेस तयार होतो. मी तो प्रत्यक्ष पाहिला आहे.

पाहिला, कारण तो माझ्यासाठीच घुसळला जात होता. कमरेच्या गोळ्या संपल्यावर एका माजी विद्यार्थ्याने मला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते "सर, खड़े हो जाइए।" पाय उभ्यानेच पाहायचा असतो, कारण आडवे झाले की शिरा रिकाम्या होतात. मग डॉपलर सोनोग्राफी झाली. पडद्यावर माझेच रक्त चुकीच्या दिशेने येताना मला दिसले. पोटरी दाबली की निळे, सोडली की तांबडे. चाळीस वर्षे मी कवितेतील प्रतिमांवर बोललो, पण स्वतःच्या देहाची इतकी स्पष्ट प्रतिमा मला कोणी दाखविली नव्हती.

मी त्यांना तोच प्रश्न विचारला जो आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात येईल. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून? त्यांनी समजावले की पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या नीलांतून वर जाते. त्वचेलगतच्या नीलांचा वाटा थोडा, आणि बिघडलेली नीला तर रक्त नेतच नाही, मागे सोडते. ती मिटली की रक्त चांगल्या वाटेने जाऊ लागते. मात्र खोलवरच्या नीला मोकळ्या आहेत याची खात्री आधी करावी लागते. सोनोग्राफीशिवाय सुई उचलणाऱ्यापासून दूर राहावे, हा त्यातला व्यावहारिक अर्थ.

प्रत्यक्ष टोचणे फार दुखले नाही. सुई केसासारखी बारीक. औषध नीलेच्या आतल्या अस्तराला जाळते, भिंती सुजून एकमेकींना चिकटतात, काही महिन्यांत तिची दोरी होते आणि शरीर ती हळूहळू पचवते. घट्ट मोजे चढविले आणि अर्धा तास चालून या असे सांगितले. सत्तरीच्या माणसाला इंजेक्शननंतर झोपविण्याऐवजी रस्त्यावर पिटाळणारा डॉक्टर मी प्रथमच पाहिला. पुढे आणखी दोन बैठका झाल्या. जेथे टोचले तेथे तपकिरी डाग उमटला आणि तो फिका व्हायला वर्ष लागले. माळव्याच्या मे महिन्यात ते मोजे म्हणजे काय शिक्षा असते, त्याचे वर्णन करण्यास माझी भाषा असमर्थ आहे.

डाग हा या उपचाराचा सर्वांत सामान्य दोष. कधी जुन्या जाळीच्या जागी नवी बारीक जाळी उमटते. औषध शिरेबाहेर गेले तर त्वचेला जखम होऊ शकते. फेसानंतर क्वचित काही वेळ डोळ्यांपुढे अंधारी येते. खोल नीलेत गुठळी होणे किंवा तीव्र ॲलर्जी हे धोके विरळ आहेत, पण आहेत. गर्भवतीला हा उपचार करीत नाहीत. ज्याच्या पायाच्या रोहिणी अरुंद झाल्या आहेत त्याने परस्पर घट्ट मोजे घालणेही घातक ठरते. शिवाय सुई हे सर्वांवर पहिले औषध नव्हे. मांडीतली मुख्य नीलाच गळत असेल तर ब्रिटनच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी आधी लेसर किंवा रेडिओलहरींनी ती आतून जाळावी, ते जमत नसेल तर फेस, तेही नसेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम दिला आहे. मूळ गळती तशीच ठेवून वरची जाळी टोचली तर ती पुन्हा उगवते. आणि सगळे नीट केले तरी काही वर्षांनी दुसरी नीला फुगू शकते. 'एका सुईत कायमची सुटका' अशी पाटी आपल्या शहरात ऑटोरिक्षांच्या पाठीवर पाहिली की मला परीक्षेच्या हमखास यशाची गाइडे आठवतात.

त्या पाट्यांवर नेहमी एका तरुण स्त्रीचे गुळगुळीत पाय असतात. त्यामुळे हा बायकांच्या सौंदर्याचा प्रश्न आहे, असा समज पसरतो. नुसती जाळी असेल तर तो बव्हंशी दिसण्याचाच प्रश्न आहे, हे खरे. आणि दिसण्याची काळजी करणे हा काही अपराध नव्हे. पण एडिंबरोत अठरा ते चौसष्ट वयाच्या १,५६६ लोकांची पाहणी करून १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात मोठ्या नीला फुगलेल्यांचे प्रमाण पुरुषांत सुमारे चाळीस टक्के आणि स्त्रियांत बत्तीस टक्के निघाले. पुरुष दाखवायला जात नाहीत आणि स्त्रिया लपवितात, एवढाच भेद असावा.

माझी थोरली बहीण लपविणाऱ्यांतली. एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक तिने ओट्याशी उभे राहून केला. घोट्यावरची जखम नऊवारीच्या काठाखाली सात वर्षे झाकली. माझा पाय बरा झाल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटले आणि म्हणाली, "अरे, हे बघ. पण तुझ्या वहिनीला सांगू नकोस." वहिनी म्हणजे माझी पत्नीच. आम्ही तिला आधी कोणाला सांगितले नाही, दवाखान्यात नेले.

या जखमांविषयी एक गोष्ट मी येथे मुद्दाम नमूद करतो. पूर्वी पद्धत अशी होती की आधी घट्ट पट्ट्या बांधून जखम भरून आणायची आणि नीलेचे मग पाहायचे. ब्रिटनमधल्या वीस रुग्णालयांत ४५० रोग्यांवर याची तुलना झाली आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पट्ट्यांच्या जोडीला नीलेवर लवकर उपचार केले, त्यात फेसाची सुईही होती, त्यांची जखम मध्यमानाने ५६ दिवसांत भरली. ज्यांच्या नीलेवरील उपचार लांबविले त्यांना ८२ दिवस लागले. ताईची जखम तीन महिन्यांत मिटली. मला सरांची पट्टी आठवली. सरांना हे मिळणे शक्यच नव्हते, पण आज ज्यांच्या पायाला तशीच पट्टी आहे त्यांना ते शक्य आहे. महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आपल्या शहरात १९४८ पासून आहे आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय त्याच्याशीच जोडलेले आहे. पायजमा किंवा साडीचा काठ वर घेण्यापुरते धैर्य हवे.

हे सर्व शिक्षकांपुरते नाही. हे शहर उभ्या माणसांचे आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या विणकर मागांपाशी उभे राहिले. त्यांतले मराठी पुष्कळ, त्यांची मुले आपल्या शाळेत होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात, उभ्याने काम करणाऱ्यांना सवड मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसनांची सोय असावी, असे स्पष्ट लिहिले होते. माझ्या वर्गमित्राचे वडील विणकर होते. त्यांना मी हे कलम वाचून दाखविले तेव्हा ते हसले. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांची थकबाकी डिसेंबर २०२३ मध्ये सुटली. तोवर अनेकांचे पाय आणि आयुष्य दोन्ही संपले होते. आज सराफ्यात रात्री दोनपर्यंत कढईसमोर उभा असलेला हलवाई आहे, चौकातला वाहतूक शिपाई आहे, कापड दुकानात दिवसभर थान उलगडणाऱ्या मुली आहेत. केरळमधील दुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले आणि तेथे २०१८ मध्ये कायदा बदलला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसे केले. बसण्याला कायदा लागावा, याचे मला आश्चर्य वाटले नाही. खुर्चीवर टोपी ठेवणारे सर मी पाहिले आहेत.

मुख्याध्यापिका बाईंनी मघाशी सांगितले की येत्या सत्रापासून प्रत्येक वर्गात फळ्याजवळ एक उंच स्टूल ठेवले जाईल. माझी एकच विनंती आहे. त्याला पाय टेकण्यासाठी आडवी दांडी असावी, आणि शिक्षकांनी तासाभरात दोनदा तरी मागच्या बाकापर्यंत फिरून यावे. त्याने पोटऱ्याही चालतील आणि मागच्या बाकावर काय चालले आहे तेही कळेल.

माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर पहिल्या रांगेत बसले आहेत. सुईविषयीचे प्रश्न त्यांना विचारा, शब्दांविषयीचे मला.